फोटो काढ

४ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसात एक नोंदवही आहे. कुठलं मशीन कधी बंद पडलं, कोणी चालू केलं, किती वेळ गेला, सगळं तिच्यात लिहायचं, हा माझाच नियम. पण ती सगळे वाचतात, त्यामुळे तिच्यात खरं काही लिहिता येत नाही. म्हणून ही दुसरी वही. ही माझ्या खणात, कुलपात.

आज एसीवाल्याची कॉलर धरली. सर्व्हरच्या खोलीत वीस अंश पाहिजेत, सत्तावीस झाले होते, आणि हा शहाणा म्हणतो, उद्या बघतो. भिंतीला टेकवला आणि विचारलं, तुझं घर पेटलं तर बंबवाल्याला उद्या बोलावशील का? दीड तासात खोली गार. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात, हे माझं वीस वर्षांचं शिक्षण.

आमचा धंदा समजावताना माझ्या तोंडाला फेस येतो. धाकटा चार वाक्यांत समजावतो. धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, बेचाळीस वर्षांचा घोडा, पण सगळे धाकटाच म्हणतात. तो गिऱ्हाइकांना सांगतो, एक दांडगं मशीन असतं, तो घरमालक. त्याच्या पोटात आम्ही नुसत्या सॉफ्टवेअरनं नऊ-दहा मशिनं उभी करतो, ते भाडेकरू. प्रत्येक कंपनीला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे. दार वेगळं, किल्ली वेगळी, शेजारी कोण ते माहीत नाही. फक्त खालची जमीन, म्हणजे डिस्क, सगळ्यांची एकच.

परवा मोठा भाडेकरू येतोय. चौदा शाखांची रक्त तपासणीची लॅब. ती नीट बसली तर आमचं बस्तान बसलं म्हणायचं. आणि नेमकं आत्ताच कानावर आलं की धाकट्याला दुसऱ्या कंपनीनं बोलावलंय. मला एका शब्दानं बोलला नाही. हे तोंडानं कधी बोलणार नाही, पण इथे लिहितो, त्याच्याशिवाय ही खोली मला एक आठवडा चालवता येणार नाही. आणि खोलीचं जाऊ द्या, तो समोर नसेल तर मी ऑफिसात कशाला येऊ? त्याला जाऊ द्यायचं नाही, काय वाट्टेल ते झालं तरी.

६ सप्टेंबर, बुधवार

लॅब आली! सकाळी आठला सुरू केलं, दुपारी चारला चौदाच्या चौदा शाखा आमच्या मशीनवर. एक रिपोर्ट इकडचा तिकडे झाला नाही.

सुरुवातीला फोटो मी स्वतः काढला. फोटो म्हणजे मशीन त्या क्षणी जसं आहे तसं टिपून ठेवायचं. पुढे काही फिसकटलं तर परत त्या क्षणावर जाता येतं. पण तो फार दिवस ठेवायचा नसतो. फोटोनंतर जे जे बदलतं ते वेगळं साठत जातं आणि डिस्क खात राहतं. म्हणून मोठ्या कामाआधी फोटो काढायचा, दोन-तीन दिवस सगळं सुरळीत आहे ना बघायचं, आणि मग काढायचा.

आनंदानं धाकट्याची मानगूट धरून गदागदा हलवला. त्याचा कान लालबुंद झाला. म्हणाला, "दादा, दुखतंय." सगळे हसले. आम्ही सात माणसं, पण एका घरासारखे आहोत. मी खोलीत शिरलो की टाचणी पडली तरी ऐकू येते. असा धाक पाहिजे, तरच मशिनं नीट चालतात.

९ सप्टेंबर, शनिवार

लॅबच्या मॅनेजरचा सकाळपासून सहावा फोन. रिपोर्ट उघडायला चार सेकंद लागतात. चार सेकंद! माणसाला शिंक यायला जास्त वेळ लागतो. सातवा आला तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि फोन भिंतीवर घातला. काच आमच्या ऑफिसातल्या नेटवर्कवालीच्या टेबलापर्यंत उडाली. तिनं बिचारीनं केसांतून तुकडे काढून कचऱ्यात टाकले आणि कामाला लागली. समजूतदार बाई आहे.

तेवढ्यात धाकटा पुढ्यात आला, म्हणून त्यालाच सांगितलं, "लॅबचा फोटो काढ."

"काढू म्हणजे, दादा…"

"काढ म्हणजे काढ! साधं बोललेलं कळत नाही? आणखी एक प्रश्न विचारलास तर हात मुळापासून उपटीन."

गेला मुकाट्यानं. नवा फोन आणला. डिस्क किती भरली, कुठलं मशीन तापलं, या सूचना जुन्या फोनवर यायच्या. नव्यावर लावून घ्यायच्या आहेत. सवड झाली की बघू.

११ सप्टेंबर, सोमवार

निघताना विचारलं, "लॅबचा फोटो काढला?" म्हणाला, "काढला, दादा." बरं वाटलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज सहज, खुंटा हलवून बघावा तसं, पुन्हा विचारलं, "फोटो काढला ना?" तर हा घुटमळला. माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. म्हणाला, "काढतो." दोन मिनिटांनी म्हणाला, "काढला."

म्हणजे काल खोटं बोलला! सख्खा भाऊ तोंडावर खोटं बोलतो. हात शिवशिवत होता, पण आवरलं. आता रोज विचारणार.

१४ सप्टेंबर, गुरुवार

घरी जेवताना बायको म्हणाली, भाऊजींना जाऊ द्या ना, चांगली नोकरी आहे म्हणे. म्हणजे हिलाही माहीत! एकट्या मलाच नाही. ताट भिंतीवर गेलं. ती उठली आणि फरशी पुसायला लागली. मी म्हटलं, बोल की काहीतरी. तर म्हणाली, "काय बोलू ते तुम्हीच सांगा, तसं बोलते." यालाच मी संसार म्हणतो, ऐकून घेणारी बाई मिळायला नशीब लागतं.

मुलगी हल्ली शेजारी अभ्यासाला जाते. तिथलं टेबल मोठं आहे म्हणते. मी जाऊन बघून आलो, टेबल आपल्याएवढंच आहे.

धाकट्याला आजही विचारलं. काढला म्हणतो.

१८ सप्टेंबर, सोमवार

रोज विचारतो, रोज म्हणतो काढला. आज मात्र जागेवरून उठून आला. "दादा, त्या फोटोंबद्दल जरा बोलायचं होतं."

"फोटोंबद्दल काय बोलायचंय? मुलगी दाखवायची आहे का कोणाला?"

नेटवर्कवाली हसली नाही. मी म्हटलं, "फोटोंचं राहू दे, तुझ्या नव्या नोकरीचं बोल." त्याचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, सांगणारच होतो, पण तुझा मूड बघून… मूड! मी टेबलावर मूठ आपटली, तिच्याखाली चहाचा ग्लास होता हे ध्यानात आलं नाही. तळहातात काच घुसली, कागदांवर रक्त. आणि ती काढली कोणी? धाकट्यानंच. चिमट्यानं एकेक तुकडा वेचला, पट्टी बांधली. दर तुकड्याला माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत होता, रक्त बघवत नाही त्याला लहानपणापासून.

मी म्हटलं, "तू कुठेही जायचं नाहीस." तो म्हणाला, "हो दादा." मिटलं एकदाचं. निघताना पुन्हा फोटोचं विचारलं, काढला म्हणाला.

२१ सप्टेंबर, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळं थांबलं. एकटी लॅब नाही, त्या घरमालकाच्या पोटातले नऊच्या नऊ भाडेकरू. डिस्क शंभर टक्के भरलेली. सातही फोन एकदम वाजायला लागले. मी ओरडत होतो, कोणाला काय ओरडलो ते आठवत नाही.

बाराला लॅबचा मॅनेजर दोन ड्रायव्हर घेऊन आला. त्याचा ओठ फाटलेला होता. त्याच्या काउंटरवर रिपोर्ट मिळेना म्हणून एका पेशंटच्या मुलानं त्याला मारलं होतं. पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आणि रक्तगट मशीनमध्ये अडकलेला. मॅनेजरनं आल्या आल्या माझ्या कानाखाली आवाज काढला. मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. एका ड्रायव्हरनं मला पाठीमागून धरलं, दुसऱ्यानं पोटात दोन गुद्दे दिले, मी त्याच्या मनगटाला चावलो. खुर्ची मोडली. शेवटी सगळ्यांनी मिळून सोडवलं. मॅनेजर नाक धरून दारात ओरडत होता, "संध्याकाळपर्यंत चालू नाही झालं तर पेट्रोल घेऊन येतो!" त्याचंही खरंच होतं म्हणा.

तोंडात रक्ताची चव. स्क्रीनसमोर बसलो आणि डिस्क कोणी खाल्ली ते उघडून बघितलं. लॅबच्या मशीनचे फोटो, एकावर एक रचलेले दहा. सगळ्यात तळाशी माझा, सहा तारखेचा. त्यावर नऊ, नावानिशी, तारीखवार, आणि नऊच्या नऊ धाकट्याच्या नावावर! काढायला सांगितलेला एक काढला नाही, वर आणखी नऊ चढवले. मला वाटलं, त्यानं हे मुद्दाम केलं. जाण्याआधी मला बुडवून जायचं होतं त्याला. दुसरं काही सुचलंच नाही.

रॅकशेजारी सर्व्हर सरकवायची लोखंडी पट्टी पडली होती, हातभर लांब, रेल म्हणतो आम्ही तिला. ती माझ्या हातात होती. तो म्हणाला, "दादा, ऐक, तूच…" आणि पट्टी सुटली. त्याच्या तोंडावर गेली.

तो ओरडला नाही. दोन्ही हात डाव्या डोळ्यावर दाबून खाली बसला, आणि बोटांमधून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. नेटवर्कवाली त्याला रिक्षात घालून घेऊन गेली. मी रिक्षामागे दोन पावलं गेलो, तर तिनं रिक्षातून हातानं थांब म्हणून सांगितलं.

तीन वाजता तिचा फोन स्पीकरवर होता. हॉस्पिटलच्या खाटेवरून धाकटा बोलत होता. आधी त्या नऊ भाडेकरूंतल्या छापखान्याचं मशीन दुसऱ्या घरमालकाकडे हलवा, म्हणजे थोडी जागा होईल. मग तळापासून एकेक फोटो मिटवा, घाई करू नका, मध्येच थांबवू नका. आवाज जड येत होता, मध्येच डॉक्टर गप्प बसायला सांगत होती. सव्वासहाला नऊही भाडेकरू उठून उभे राहिले, एक अक्षर गेलं नाही. असा भाऊ आहे माझा.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलात पोलीस आला होता. डोळ्याची जखम म्हणजे विचारावंच लागतं. धाकट्यानं सांगितलं, सर्व्हर रेलवरून घसरला आणि पट्टी उसळून लागली. पोलिसानं माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं. धाकटा म्हणाला, "तो मला वाचवायला गेला, त्याला पण लागलं." मला हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाज नंतर वाटली, पण आधी हायसंच वाटलं.

भावजय खाटेच्या पलीकडे उभी होती. मी आणलेली फळं तिनं पिशवीतून काढली नाहीत.

बाहेरच्या बाकावर आईजवळ बसलो. रडू आलं. म्हटलं, "आई, लहानपणी बाबांचा पट्टा निघाला की मी त्याच्या आड उभा राहायचो. मी त्याला कधी लागू दिलं नाही. मी मुद्दाम कसं करीन?"

आई म्हणाली, "तू नाही रे. तो आड यायचा तुझ्या. तू पलंगाखाली शिरायचास."

आईचं वय झालंय. तिच्या डोक्यात सगळं उलटंपालटं होतं हल्ली.

२५ सप्टेंबर, सोमवार

डावा डोळा गेला. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, उजव्याला धोका नको म्हणून काढावा लागेल. उद्या काढणार. मी विचारलं, माझा देता येतो का? त्या म्हणाल्या, तसं नसतं. मी म्हटलं, बघा तरी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

२७ सप्टेंबर, बुधवार

नेटवर्कवालीनं राजीनामा आणून ठेवला. मी म्हटलं, तूसुद्धा? संकटात? धाकट्यानं नऊ फोटो चढवले, त्यानं ही वेळ आणली, आणि शिक्षा मला?

ती आधी दाराशी जाऊन उभी राहिली, दार उघडं ठेवलं, मग बोलली. "सर, तुम्ही रोज विचारायचात, फोटो काढला का. म्हणून तो रोज काढायचा."

"मला तो काढलेला हवा होता! काढलेला म्हणजे उडवलेला, पुसलेला!"

"मग तसं म्हणायचं. मशीनचा फोटो काढ म्हटलं की आम्ही नवा काढतो. पहिल्या दिवसापासून असंच चाललंय."

"त्याला समजलं नाही तर त्यानं विचारायचं होतं!"

"विचारलं होतं, सर. काढू म्हणजे, असं म्हणाला होता. तुम्ही फोन फोडलात त्या दिवशी. अठरा तारखेलाही उठून आला होता. डिस्क भरत आली ते त्याला दिसत होतं. मला म्हणाला, उद्या दादाचा मूड बघून सांगतो."

ती गेल्यावर मी ही वही उघडली. सहा तारीख. फोटो काढायचा आणि मग काढायचा, एकाच ओळीत, माझ्याच अक्षरात. नऊ तारीख. काढ म्हणजे काढ. बारा तारीख, काल खोटं बोलला असं मी लिहिलंय. तो खरं बोलला होता. एक काढला होता, मी पुन्हा विचारलं म्हणून बिचाऱ्यानं दुसरा काढला.

एकवीस तारखेच्या पानावर लिहिलंय, पट्टी सुटली. सुटली नव्हती. मारली होती, दोन्ही हातांनी, तोंड बघून. तो "तूच" म्हणाला होता. तूच सांगितलंस, एवढंच म्हणायचं होतं त्याला.

मला कोणाला तरी मारावंसं वाटलं, इतकं वाटलं की दात करकरले. केबिनमध्ये मी एकटाच होतो. दारावर डोकं आपटलं, तीनदा. चौथ्यांदा दुखलं म्हणून थांबलो, स्वतःला मारताना मी एवढा लवकर थांबतो.

१६ ऑक्टोबर, सोमवार

बायको आणि मुलगी गेल्या आठवड्यापासून तिच्या भावाकडे आहेत. त्यावर आज लिहीत नाही.

धाकटा येणार हे आईकडून कळलं होतं. मी सकाळी सातलाच ऑफिसात. त्याचं टेबल पुसलं, कीबोर्ड पुसला. मनाशी पाठ करून ठेवलं होतं, चूक माझी होती, मला माफ कर, आणि राहा. एवढं तीन वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं, जमत होतं.

तो दहाला आला. डाव्या डोळ्यावर कापूस आणि चिकटपट्टी, गालावर टाक्यांचा वळ. खोलीतले सगळे उठून त्याच्याकडे गेले, नेटवर्कवालीसुद्धा, तिचा या महिन्याअखेर शेवटचा दिवस आहे. मी जागेवर बसून राहिलो, कारण मी उठलो तर ते सगळे गप्प होतील हे आता मला कळतं.

"दादा, एक तारखेपासून मी तिकडे जातोय," तो म्हणाला. "आज सगळं लिहून देतो. कुठल्या मशीनची किल्ली कुठे, कोणाचं काय दुखतं, सगळं."

मी म्हटलं, "बरं." पाठ केलेलं एक अक्षर तोंडातून बाहेर पडलं नाही.

तो इतकी वर्षं माझ्या उजव्या हाताला बसायचा. आज त्यानं खुर्ची उचलली, माझ्या मागून वळसा घातला आणि डाव्या हाताला आणून ठेवली. उजेड तिकडे बरा असेल म्हणून मी काही बोललो नाही. नंतर लक्षात आलं, आता त्याचा चांगला डोळा माझ्या बाजूला होता.

दुपारपर्यंत तो टाइप करत होता. मध्येच म्हणाला, "तीन नंबरच्या घरमालकाचा पंखा वाजतो, बदलून घे. आणि छापखान्याच्या मशीनच्या फोटोचं कधी कोणाला सांगितलंस तर पुसून टाक असं म्हण, काढ म्हणू नकोस." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, मशीनबद्दल बोलतो तसं बोलला. मला भडभडून आलं. वाटलं, आत्ताच म्हणावं. पण बाकीचे पाच जण ऐकत होते, म्हणून आधी जुन्या करारांची फाईल काढून त्याच्यापुढे ठेवू आणि मग हळूच बोलू असं ठरवलं. फाईल त्याच्या डोक्यावरच्या फळीवर होती. मी उभा राहिलो आणि हात वर केला.

खुर्चीसकट तो खाली पडला. दोन्ही कोपरं डोक्याभोवती, गुडघे पोटाशी, पलंगाखाली पोरगं शिरतं तसा टेबलाखाली शिरला. आणि खोलीतली बाकीची सगळी माणसं एकदम उभी राहिली. कोणी खुर्चीमागे, कोणी दाराकडे सरकून, नेटवर्कवालीच्या हातात स्टेपलर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कोणालाही नवल वाटलेलं दिसत नव्हतं. किती वर्षं हे असे तयारीत बसलेत?

"फाईल घेत होतो रे," मी म्हटलं. "आईशप्पथ, फाईल घेत होतो."

"माहीत आहे, दादा," धाकटा टेबलाखालून म्हणाला. "आधी हात खाली घे."

माझा हात अजून वरच होता.